ऐंशीच्या वर नाही

नंबरसाहेबांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत होतं, पण ते वाचण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे. चष्म्याच्या दुकानात माणूस शिरला की त्याने डोळे कसे बारीक केलेत ते बघून साहेब म्हणत, "उजवा दीड, डावा पावणेदोन." तपासल्यावर दहातल्या आठ वेळा तेच निघे. आकडा एकदा त्यांच्या डोक्यात शिरला की मुक्कामालाच राहायचा. जुन्या गिऱ्हाइकांची नावं ते विसरत, नंबर विसरत नसत.

अशा माणसाने चार वर्षांपूर्वी डिझेलची एसयूव्ही घेतली. उंच, रुंद, सात माणसांची. घरात माणसं दोन, कारण मुलगी शिकायला परगावी, आणि दुकान घरापासून दीड किलोमीटरवर. मेकॅनिक म्हणायचा, "साहेब, हत्ती पाळलात आणि अंगणातच फिरवताय." साहेब हसत. गाडीला ते स्वतः सोडून कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा होता. बायकोने शेजारी बसायचं, दार हळू लावायचं आणि चपला झटकून पाय आत घ्यायचे.

गाडीबद्दलची त्यांची एक ठरलेली गोष्ट होती. काचा पुसता पुसता ती त्यांनी निम्म्या गावाला ऐकवली असेल. "गाडी घेतली त्याच आठवड्यात सासऱ्यांकडे जायचा योग आला. एकशे साठ किलोमीटर. शोरूमवाल्याने बजावलं होतं, पहिले हजार किलोमीटर ऐंशीच्या वर नाही. मी काटा ऐंशीवर ठेवला तो ठेवला. बरोबर दोन तासांत दारात. आणि ॲव्हरेज किती पडलं? सतरा! एवढ्या मोठ्या गाडीला सतरा!" ऐकणारा मान डोलवायचा. कामाशिवाय पाऊल न उचलणारे साहेब दुकान बंद ठेवून भर दुपारी सासऱ्यांकडे कशाला गेले होते, हे त्या गोष्टीत नसायचं आणि कुणी विचारतही नसे.

यंदा साहेबांच्या डाव्या गुडघ्याने संप केला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने क्लचवर पाय ठेवायचा नाही. साहेबांना गुडघ्याची काळजी नव्हती, गाडीची होती. हॉस्पिटलच्या खाटेवरून त्यांनी बायकोला तासभर ऐकवलं. या गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी धरणारी जाळी असते. गाडी उभी राहिली किंवा नुसती गल्लीबोळात फिरली की ती जाळी तुंबते. आठवड्यातून दोनदा महामार्गावर चांगल्या वेगाने तासभर पळवली तरच काजळी जळून जाते. "पण आता पळवणार कोण? परक्याच्या हातात तर मी देणार नाही. उभ्या उभ्या मरेल बिचारी." बायको सफरचंद कापत होती. तिने फोड पुढे केली आणि म्हणाली, "खा आता."

तीन महिने सरले. एका गुरुवारी साहेबांनी ड्रॉवरमधून किल्ली काढली, पार्किंगमध्ये गेले आणि मनाची तयारी करून ती फिरवली. बॅटरी मेली असणार, जाळी तुंबली असणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. साहेबांना बरं वाटलं. सीट त्यांच्या मापाची, आरसा त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत, डिझेलचा काटा निम्म्यावर, जसा सोडला होता तसाच. मग त्यांची नजर किलोमीटरच्या आकड्यावर गेली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो एकतीस हजार सहाशे चाळीस होता. आता समोर तेहेतीस हजार पाचशे साठ होता.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा तोच. एक हजार नऊशे वीस किलोमीटर गाडी जागच्या जागी कशी चालली? मीटर बिघडलं, दुसरं काय असणार, असं म्हणून त्यांनी गाडी तडक मेकॅनिककडे नेली.

मेकॅनिकने कॉम्प्युटर लावला आणि थोडा वेळ बघत राहिला. "साहेब, तुम्हाला एक सांगू? चार वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझं ऐकलंत. जाळी नव्यासारखी आहे."

"मीटर बघ आधी. मीटर बिघडलंय."

"मीटरला काही झालेलं नाही." मेकॅनिकने गाडीच्या पडद्यावर बोट फिरवलं. कुठल्या फेरीला कधी निघालो, किती गेलो, याची आठवण ठेवणारं एक पान त्यात होतं, आणि साहेबांनी ते कधी उघडलंच नव्हतं. "हे बघा. मंगळवार, अकरा दहा. ऐंशी किलोमीटर. शुक्रवार, अकरा दहा. ऐंशी किलोमीटर. मंगळवार, अकरा दहा. वेग शंभर, ना कमी ना जास्त. साहेब, असा हात मी तुमचा कधी बघितला नव्हता. गुडघ्याबरोबर पायही नवा बसवला की काय?"

साहेबांनी मनात हिशोब केला. चोवीस फेऱ्या. बारा आठवडे. गाडीच्या किल्ल्या दोन, दोन्ही घरात. घरात ते स्वतः होते, तेही हॉस्पिटलातून सुटल्यापासून रिक्षाने जाऊन सकाळी दहा ते दुपारी दोन दुकानात, आणि दुसरी होती बायको, जिला गाडी चालवता येत नव्हती. मेकॅनिकसमोर ते आपल्या नेहमीच्या गोष्टीकडे वळले. "शंभर जास्त होतात. ऐंशीला ही गाडी सतरा देते. घेतली तेव्हा हजार किलोमीटरपर्यंत मी ऐंशीची रेघ ओलांडली नव्हती."

"ते जुन्या इंजिनांचं हो," मेकॅनिक तार गुंडाळत म्हणाला. "आताच्या गाड्या पहिल्या दिवशीही शंभरने नेल्या तरी काही होत नाही. शोरूमवाले बोलायचं म्हणून बोलतात. नड असेल तर माणूस गाडी बघेल की नड?"

एरवी साहेबांनी यावर अर्धा तास वाद घातला असता. आज ते किल्ली उचलून निघाले.

दुपारी जेवताना त्यांनी बायकोकडे नीट बघितलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि त्यांना तिचा जवळचा नंबरही पाठ होता, लांबचाही. "गाडी बरी आहे ना?" तिने विचारलं. "बरी आहे," साहेब म्हणाले. मग भात कालवता कालवता, अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "मंगळवारी-शुक्रवारी तू घरीच असतेस ना?"

"नाहीतर कुठे जाणार?" ती म्हणाली आणि ताक घ्यायला उठली.

साहेब भात कालवतच राहिले. बायको खोटं बोलली होती. ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती, की बोलली होती आणि आपल्याला कळलंच नव्हतं, हेही त्यांना आता ठरवता येईना. त्या रात्री आणि पुढच्या चार रात्री त्यांच्या मनात नाही नाही ते आलं. कुणीतरी गाडी चालवत असणार आणि ती शेजारी बसत असणार. चाळीस किलोमीटर जायचं, चाळीस किलोमीटर यायचं. त्या चाळिसाव्या किलोमीटरवर काय होतं? सरळ विचारावं तर ती पुन्हा "कुठे जाणार" म्हणेल, आणि दुसऱ्यांदा ते ऐकायची त्यांची छाती नव्हती. शुक्रवारी गुडघा दुखतोय म्हणून ते घरीच राहिले, तर ती दिवसभर भाजी निवडत बसली. तिचा चेहरा उतरला होता, एवढं मात्र त्यांना दिसलं.

मंगळवारी साहेब रोजच्यासारखे दहा वाजता डबा घेऊन निघाले. कोपऱ्यावरून दुकानात फोन केला की आज उशीर होईल, आणि मागच्या बाजूने पार्किंगमध्ये शिरले. दुसरी किल्ली खिशात होती. चव्वेचाळीस जणांचे डोळे एका दिवसात तपासणारा, गावात मान असलेला माणूस आपल्याच गाडीच्या डिकीत, नवा गुडघा पोटाशी घेऊन, आडवा झाला आणि सामान झाकायचा पडदा त्याने अंगावर ओढून घेतला. डोक्याशी एक ओलसर फडकं आणि पाण्याची फवारणीची बाटली होती. या दोन्ही वस्तू त्यांनी तिथे ठेवलेल्या नव्हत्या.

अकरा वाजून गेले. दार उघडलं. एकच दार. सीट पुढे सरकल्याचा आवाज झाला, मग आरसा हलल्याचा. साहेब दुसऱ्या दाराची वाट बघत राहिले, पण दुसरं दार उघडलंच नाही. इंजिन सुरू झालं आणि गाडी मागे निघाली. पार्किंगमधल्या एका खांबाला त्यांनी स्वतः गाडी दोनदा घासली होती. गाडी एका फटक्यात बाहेर आली.

बायको गाडी चालवत होती. साहेबांना हे कानांनी कळलं आणि तरी पटेना. गिअर असे पडत होते की डिकीत झोपलेल्या माणसाला हिसका बसत नव्हता. आणि मग, अंधारात पडल्या पडल्या, त्यांना सव्वीस वर्षांमागचं एक वाक्य आठवलं. तिच्या वडिलांची बेकरी होती. नवी नवरी म्हणाली होती, "बाबांची पावाची व्हॅन मीच न्यायचे सगळ्या दुकानांना. डिझेलची होती." त्यावर ते हसून म्हणाले होते, "पावाची व्हॅन वेगळी आणि गाडी वेगळी." इतकंच बोलणं झालं होतं. तिने पुन्हा विषय काढला नव्हता आणि ते साफ विसरून गेले होते.

गाडी महामार्गाला लागली. वेग चढला आणि एका जागी थांबला. मग बायको बोलू लागली. साहेबांना वाटलं, आता फोनवर बोलणार. त्यांनी श्वास धरला.

"दार हळू लाव," ती म्हणाली. आवाज जाड काढला होता. साहेबांना आधी कळलं नाही, मग कळलं, तो आवाज त्यांचा होता. "चपला झटकल्यास का? काचेला बोटं लावू नकोस. अरे, चार वर्षं दार हळू लावतेय मी. आता फ्रिजचंसुद्धा जोरात लावता येत नाही मला. तुला ते कळलंय का? तुला काय कळणार. तुला लोकांच्या डोळ्यांतला पाव नंबर कळतो."

सव्वीस वर्षांत तिने त्यांना कधी 'तू' म्हटलं नव्हतं. शेजारच्या रिकाम्या सीटवर त्यांना बसवून ती त्यांच्याशी बोलत होती. चाळिसाव्या किलोमीटरवर दुसरं कुणी नव्हतं. एका बाजूने साहेबांच्या जिवात जीव आला आणि दुसऱ्या बाजूने त्यांना आणखीच भीती वाटू लागली.

"शुक्रवारी घरी बसलास आणि माझी फेरी चुकवलीस," ती बोलत होती. "गुडघा दुखतो म्हणे. दुखत नव्हता. मला काय कळत नाही होय. गाडी मरेल म्हणून खाटेवर रडत होतास, म्हणून काढली मी. म्हटलं, दोन-तीनदा नेऊ, जाळी साफ होईल, तुला बरं वाटेल. सांगणारही होते. पण पहिल्याच दिवशी घड्याळात बघितलं तर अकरा दहा."

 एका ट्रकची घरघर बाजूने मागे पडली.

"दादाचा फोन आला, बाबांचं काही खरं नाही, लगेच निघा. आपण अकरा दहाला निघालो. हाच रस्ता. काटा ऐंशीवर. ट्रक पुढे गेले, बसगाड्या पुढे गेल्या, एक लग्नाची जीप पुढे गेली, त्यातली माणसं नाचत होती. मी एकदा म्हटलं, जरा वाढवा ना वेग. तू म्हणालास, गाडी नवी आहे. जपायला नको? मग मी नाही म्हटलं परत. काट्याकडे बघत बसले. एक दहाला पोचलो. दादा म्हणाला, बारा पन्नासला गेले. सारखं विचारत होते, आली का, आली का."

साहेबांनी तोंडावर हात धरला. त्यांना तो दिवस लख्ख आठवत होता. रस्ता मोकळा होता, इंजिनाचा आवाज गोड होता. दारात गाडी थांबवताना त्यांनी आधी ॲव्हरेज बघितलं होतं. सतरा. आतून रडण्याचा आवाज येत होता आणि त्यांनी सतरा बघितलं होतं, आणि चार वर्षं ते सतरा त्यांनी येईल त्याला वाटलं होतं, ती चहाचे कप घेऊन समोर उभी असतानासुद्धा.

"एकशे साठ किलोमीटर," ती म्हणाली. आता तिने आवाज कुणाचा काढला नव्हता. "ऐंशीने एकशे वीस मिनिटं. शंभरने शहाण्णव. चोवीस मिनिटं वाचतात. बाबा वीस मिनिटं आधी गेले. म्हणजे चार मिनिटं मिळाली असती मला. चार मिनिटं पुष्कळ होतात रे. मी बारा आठवडे चालवून बघतेय. शंभरने काही होत नाही या गाडीला. उलट साफ होते." मग म्हणाली, "लायसन माझ्या पर्समध्ये होतं. मी म्हणायला हवं होतं, उतर, मी नेते. नाही म्हटलं. ते माझं. त्यात तुझं काही नाही. पण गाडी नवी आहे म्हणालास, ते तुझं."

साहेबांच्या डोळ्यांतलं पाणी कानात गेलं. तिथे पडल्या पडल्या त्यांना एकच कळत होतं. हे ऐकल्यावर आता घरी जाऊन जेवायला बसता येणार नव्हतं.

गाडीचा वेग उतरला आणि ती वळून थांबली. डिझेल पंप असावा. पंपावरच्या माणसाशी ती दोन शब्द बोलली, झाकण उघडलं, नळी लागली. निम्म्यावरचा काटा निम्म्यावर कसा राहत होता ते साहेबांना कळलं. पंपावरून निघून गाडी थोडी पुढे जाऊन पुन्हा थांबली. तिची पावलं मागे आली. समोरच्या काचेवर चिकटलेले किडे पुसायला तिला फडकं हवं असणार. साहेबांना हे उमगलं तेव्हा फार उशीर झाला होता. डिकीचं दार वर गेलं आणि पडदा सरकला.

उजेडात दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बायको ओरडली नाही. तिचा हात दाराला तसाच राहिला आणि चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. साहेबांना काहीतरी बोलायचं होतं. क्षमा माग, असं मन सांगत होतं, पण सव्वीस वर्षांत तो शब्द त्यांनी तिच्यासाठी वापरला नव्हता आणि आयत्या वेळी तो जिभेवर येईना. त्यांनी डोक्याजवळचं फडकं उचललं आणि आडव्यानेच तिच्यापुढे धरलं.

तिने ते घेतलं. पुढे गेली आणि काच पुसू लागली. आधी तिची बाजू, मग त्यांची.

साहेब कसेबसे उतरले. पाय मुंग्यांनी भरला होता. लंगडत पुढे आले, शेजारच्या सीटचं दार उघडलं, आत बसले आणि दार लावलं. जोरात लागलं. बायको येऊन बसली. फडकं घडी करून तिने दाराच्या खणात ठेवलं.

"कधीपासून होतात तिथे?"

"घरापासून."

तिने मान हलवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. "सगळं ऐकलंत?"

"सगळं." त्यांनी घसा खाकरला. "मागे वळवू नकोस. पुढे घे. बाबांच्या घरी जाऊ."

"दुकान?"

"राहू दे दुकान."

तिने त्यांच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. गाडी महामार्गाला लागली. चाळीस, साठ, ऐंशी. तिथे काटा थांबला.

साहेबांना वाटलं, वाढवेल आता. पाच मिनिटं गेली. एक ट्रक हॉर्न देत पुढे गेला. मग एक बस गेली. बसच्या मागच्या काचेतून एका पोरीने त्यांना हात केला. मग दुधाचा टँकर गेला. काटा ऐंशीवर होता, जणू खिळ्याने ठोकलेला. बायको सरळ समोर बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. साहेबांनी घड्याळात बघितलं, मग काट्यावर, मग पुन्हा घड्याळात. ऐंशी म्हणजे किती हळू असतं, हे चार वर्षं त्यांना ठाऊक नव्हतं. रस्त्याकडेचं एक एक झाड ओळख करून देत मागे जात होतं. पलीकडे कुणी वाट बघत नव्हतं, कुणी मरणाला टेकलं नव्हतं, बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. तरीही त्यांचे तळवे घामाने ओले झाले आणि उजवा पाय आपोआप खाली दाबला जाऊ लागला, तिथे पेडल नव्हतं तरी.

त्यांनी ओठ घट्ट मिटून धरले होते. कसे कोण जाणे, ते सुटले.

"जरा वाढव ना वेग."

बायकोने काट्यावरून नजर हलवली नाही.

"गाडी नवी आहे," ती म्हणाली. "जपायला नको?"

साहेब पुन्हा काही बोलले नाहीत. काट्याकडे बघत बसले. अजून एकशे तीन किलोमीटर जायचं होतं.